टाकीतला समुद्र दुधाळ होतो तेव्हा

छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरहून लांब आहे आणि शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. अशा गावात सिडकोतल्या किंवा गारखेड्यातल्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची, तिच्यात क्लाउनफिश आणि प्रवाळ जगवायचे, म्हणजे मिठापासून लाटांपर्यंत सगळा समुद्र उसना आणायचा. हौशी माणसं ते करतात आणि चांगलं करतात. मग एखाद्या सकाळी दिवा लागतो आणि टाकीची मागची काच दिसतच नाही. काल रात्रीपर्यंत आरपार दिसणारं पाणी ताकासारखं झालेलं असतं.

यानंतरच्या अर्ध्या तासात बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक तर अर्धं पाणी उपसून टाकतात, नाहीतर कपाटातली ‘पाणी स्वच्छ करणारी’ बाटली काढून टोपणभर औषध ओततात. कारण कळण्याआधी या दोन्हीतलं काहीच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुधाळपणा हे लक्षण आहे. पाण्यात तरंगतंय ते वाळूची धूळ असू शकते, हवेचे बारीक बुडबुडे असू शकतात, चुना असू शकतो, अब्जावधी जिवाणू असू शकतात किंवा एखाद्या गोगलगाईचं बीज. यातल्या एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर अनर्थ होतो. चुन्याने चढलेला सामू उतरवायला थोडं व्हिनेगर कामी येतं. तेच व्हिनेगर जिवाणूंनी दुधाळ झालेल्या टाकीत घातलं तर त्या जिवाणूंना आयतं जेवण मिळतं.

पाण्याकडे बघण्याआधी माशांकडे बघा. मासे नेहमीसारखे हिंडत असतील तर विचार करायला वेळ आहे. ते पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, कल्ले भराभर हलत असतील, तर निदान नंतर, आधी हवा. एअरपंप लावा, वेव्हमेकरचं, म्हणजे प्रवाह फिरवणाऱ्या पंपाचं, तोंड वर करून पाण्याचा पृष्ठभाग ढवळता ठेवा, खिडक्या उघडा. खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅम. पाणी ३० अंशांवर गेलं की हा आकडा ६.२ च्या आसपास येतो. हे सगळे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. आपल्या उंचीवर हवेचा दाबच सहा-सात टक्क्यांनी कमी, म्हणून प्राणवायूही तेवढा कमी. एरवी हा फरक जाणवत नाही. मे महिन्यात पाणी तापलेलं असताना जिवाणूंची पैदास झाली, की मात्र तो भोवतो.

मासे धडधाकट दिसत असतील तर आता निदान. त्यासाठी दोन काचेचे ग्लास, टॉर्च, काळा आणि पांढरा कागद आणि स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर एवढं पुरतं. टाकीतलं पाणी दोन्ही ग्लासांत भरा, मागे काळा कागद धरा आणि बाजूने टॉर्च मारा. पहिल्या ग्लासाला हात लावू नका, नुसतं बघत राहा. मिनिटा-दोन मिनिटांत पाणी खालून वर निवळत गेलं, तर ते बुडबुडे होते. अर्ध्या तासात तळाशी पांढुरका थर बसला, तर धूळ किंवा चुना. तासाभरानेही ग्लास जसाच्या तसा धुरकट राहिला, तर जिवाणू किंवा शेवाळाच्या सूक्ष्म पेशी. पांढऱ्या कागदापुढे धरल्यावर हिरवट छटा दिसली तर शेवाळ. दुसऱ्या ग्लासात चमचाभर व्हिनेगर घालून ढवळा. धुरकटपणा बघता बघता विरघळला तर तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. इथे एक मेख आहे. रीफ टाकीतली, म्हणजे प्रवाळांच्या टाकीतली, ॲरागोनाइटची वाळूही कॅल्शियम कार्बोनेटचीच असते, त्यामुळे तिची बारीक धूळही व्हिनेगरात विरघळते. आदल्या दिवशी वाळू उकरली होती का, नवी वाळू घातली होती का, वेव्हमेकर घसरून त्याचं तोंड खाली वळलंय का, हे आठवून मगच चुन्यावर आळ घ्या. व्हिनेगरचा ग्लास बेसिनमध्ये ओता, टाकीत नको.

आपल्या शहरात ज्या कारणाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते चुन्याचंच, म्हणून त्यावर जरा थांबू.

प्रवाळ आपला सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. टाकीतला साठा खर्च झाला की भर घालावी लागते, आणि त्याची जुनी, स्वस्त रीत म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध, खाद्य दर्जाचा चुना (हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड) आरओच्या पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी थेंबथेंब टाकीत सोडायचं. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो, पण त्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो. टाकीचा हवा ८.१ ते ८.४. टाकीतलं पाणी उडून जेवढं कमी होतं तेवढीच निवळी भरायची, म्हणजे पाण्याची पातळीही राखली जाते आणि कॅल्शियमही मिळतं. हिशेब सुटसुटीत वाटतो.

पण हा हिशेब कोचीत किंवा मुंबईत बसतो तसा मराठवाड्यात बसत नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. टाकी थंड ठेवायला वर पंखा लावलेला असतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीतून अशा दिवसांत रोज तीन-चार लिटर पाणी सहज उडतं. ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की याच्या निम्म्यानेही उडत नाही. म्हणजे मालकाने कुठलंही बटण न फिरवता, नुसत्या ऋतूपायी, त्याच टाकीत मे महिन्यात दुपटीहून जास्त चुना जातो. त्यात पाणी आपोआप भरणारा टॉप-अपचा फ्लोट स्विच मिठाने अडकला किंवा निवळीचा पंप डब्याच्या तळाचा गाळ ओढू लागला, तर एका रात्रीत भलताच डोस जातो.

पुढचं रसायन समजायला सोपं आहे. उष्ण कटिबंधातलं समुद्राचं पृष्ठभागाजवळचं पाणी कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत आधीच अतिसंपृक्त असतं. त्यात मावायला हवा त्याहून जास्त चुना विरघळलेला असतो. मॅग्नेशियमची आडकाठी असते म्हणून तो खाली बसत नाही. दाट पाकात दोरा सोडला की त्यावर खडीसाखरेचे खडे धरू लागतात, तसं इथेही निमित्त मिळायचा अवकाश असतो. सामू उसळला की पाण्यातलं बायकार्बोनेट कार्बोनेट होतं, ते कॅल्शियमला चिकटतं, कण तयार होतात आणि प्रत्येक कण पुढच्या कणांना बसायला जागा देतो. पाणी पांढरं होतं आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा, कोसळते. हीटर बाहेर काढून बघा. काचेवर खरखरीत पांढरा थर दिसला तर शंकेला जागा उरत नाही, कारण हा क्षार इतर बहुतेक क्षारांच्या उलट वागतो: पाणी गरम झालं की तो कमी विरघळतो, म्हणून सगळ्यात तप्त जागी आधी बसतो.

याच उलट्या स्वभावामुळे उन्हाळ्यात मीठ कालवतानाही पंचाईत होते. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी मे महिन्याच्या दुपारी हाताला चटका लागेल इतकं तापतं. आरओ त्याच नळावर असेल तर गाळलेलं पाणीही कोमट येतं, आणि त्यात मीठ घातलं की बादलीतच पांढुरका गढूळपणा येतो. पाणी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. पंपाने ढवळत ठेवलेल्या पाण्यात मीठ हळूहळू सोडावं. मिठावर पाणी कधीच ओतू नये, कारण पहिल्या काही लिटरांत ते इतकं दाट होतं की चुना तिथेच खाली बसतो आणि नंतर विरघळत नाही. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची वेगवेगळी द्रावणं वापरणाऱ्यांनीही ती एकाच जागी, एकापाठोपाठ ओतू नयेत. मध्ये काही तास जाऊ द्यावेत.

चुन्याचं निदान पक्कं झालं की सगळे डोस बंद करा आणि सामू मोजा. ८.५ च्या आसपास असेल, मासे शांत असतील, तर काही करू नका. फिल्टरचा कापूस बदलत राहा, एक-दोन दिवसांत पाणी निवळतं. सामू ९ कडे चालला असेल तर तो उतरवायला लागेल. हवा खेळती ठेवली की कार्बन डायऑक्साइड विरघळून तो हळूहळू उतरतो. घाई असेल तर साधं सोडा वॉटर, ज्यात चव किंवा क्षार घातलेले नाहीत असं (बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, आपल्याकडच्या बऱ्याच सोड्यांत क्षार असतात), जोरदार प्रवाहाच्या जागी थोडं थोडं घालून दर वेळी सामू तपासावा. शंका असेल तर त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के पाणी बदललेलं बरं.

जिवाणूंचा दुधाळपणा वेगळा दिसतो. त्यात कण दिसत नाहीत, नुसतं धुकं असतं, आणि टाकीजवळ गेलं की बऱ्याचदा उग्र वास येतो. पाण्यात अचानक भरपूर सेंद्रिय खाद्य आलं की जिवाणू काही तासांत दुप्पट, चौपट होत जातात. खाद्य कुठून आलं ते शोधा. आधी मोजदाद करा: सगळे मासे दिसतायत का, गोगलगाई जागेवर आहेत का, ॲनिमोन कुठे आहे? मेलेली गोगलगाय शंखातच असते, वरून जिवंत वाटते. उचलून नाकाजवळ नेली की क्षणात उलगडा होतो. ॲनिमोन हिंडता हिंडता वेव्हमेकरमध्ये ओढला गेला असेल तर त्याचे तुकडे टाकीभर पसरलेले असतात, आणि मग प्रश्न फक्त जिवाणूंचा राहत नाही, त्याचं विषही पाण्यात असतं. तिथे मोठा पाणीबदल आणि ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन दोन्ही लागतात.

कोणी मेलेलं सापडलं नाही तर खाद्याचा डबा बघा. सुट्टीत गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती दिलेला डबा हे जिवाणूंच्या दुधाळपणाचं फार जुनं कारण आहे. मासे भुकेलेच दिसतात, आणि मायाळू माणूस चिमूटभर जास्तच घालतो. जाताना एकेका दिवसाचं खाद्य वेगळ्या पुड्यांत बांधून द्यावं आणि डबा कुलपात ठेवावा. नायट्रेट कमी करायला टाकीत व्होडका किंवा व्हिनेगरचे थेंब देणारे लोकही आहेत. जिवाणूंना कार्बन द्यायचा, ते वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट शोषतात आणि स्किमर, म्हणजे फेसातून घाण उचलणारं यंत्र, त्यांना बाहेर काढतो, अशी ती पद्धत. डोस आठवडे घेऊन चढवायचा असतो. एका दिवसात चढवला की टाकी पांढरी होते.

वीज हे आपल्याकडचं आणखी एक कारण. दोन-चार तास वीज गेली की बंद कॅनिस्टर फिल्टरमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, ते मरतात, सडतात, आणि वीज आल्यावर पंप ते सगळं एका दमात टाकीत सोडतो. लांब वीज गेली असेल तर पंप सुरू करण्याआधी कॅनिस्टर उघडून आतलं पाणी फेकून द्या. त्यातला स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने उरलेलेही मरतील. टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या. इन्व्हर्टरवर हीटर, दिवे काही नको, फक्त एक वेव्हमेकर आणि एअरपंप ठेवा. थोड्या वॅटमध्ये टाकी कित्येक तास तग धरते.

जिवाणूंवर इलाज म्हणाल तर खाद्य दोन दिवस बंद, स्किमर ओल्या फेसावर, एअरपंप रात्रभर, ताजा कार्बन, असेल तर अतिनील दिवा. अमोनियाची चाचणी रोज. सामू जितका चढा तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त, म्हणून या काळात निवळी नको. दोन ते चार दिवसांत पाणी आपोआप निवळतं. धोका असतो तो पहाटेचा: रात्री शेवाळ आणि प्रवाळही प्राणवायू वापरतात, जिवाणू वापरतातच, आणि पाच वाजेपर्यंत साठा तळाला जातो. संध्याकाळी ठीक वाटणारी टाकी सकाळी मेलेली सापडते ती यामुळे.

बाकीची कारणं झटपट. बुडबुडे असतील तर सम्प, म्हणजे खालची फिल्टरची टाकी, बघा. उडालेलं पाणी भरलं नसेल, पातळी उतरली असेल आणि रिटर्न पंप हवा ओढत असेल. पाणी भरलं की खेळ संपला. संध्याकाळी दिवे मंदावताना एखादी गोगलगाय काचेवर उंच चढून धुराची रेघ सोडताना दिसली तर घाबरू नका, ते बीजोत्पादन आहे; तासाभरात स्किमर त्याचा निकाल लावतो. हिरवं पाणी म्हणजे फॉस्फेट-नायट्रेट जास्त आणि उजेड जास्त. ते एका रात्रीत होत नाही, आपलं लक्ष उशिरा जातं.

गढूळ पाण्याने प्रवाळ मरतोच असंही नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात, १९८७ मध्ये संरक्षित झालेल्या २९ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, आणि पावसाळ्यात तिथलं पाणी गाळाने मातकट होतं. तरी ते टिकून आहेत. विजयदुर्गसमोर खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवरचं पाणी त्या मानाने कितीतरी स्वच्छ. म्हणजे धुरकटपणा सोसणारे प्रवाळ असतात. सोसवत नाही ते प्राणवायूचं घटणं आणि सामूची उसळी. तेव्हा मागची काच पुन्हा कधी दिसेल याच्या काळजीपेक्षा सामू आणि अल्कलिनिटी मोजण्यात वेळ घालवावा. याच प्रवाळांच्या निमित्ताने एक गोष्ट सांगायला हवी: सांगाडा बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून तोडलेला प्रवाळ कोणी स्वस्तात देऊ लागला तर तो पाहुणा घरात घेऊ नये. कोकणातून हौसेने कॅन भरून आणलेलं समुद्राचं पाणीही तसंच टाकीत ओतू नका. गाडीच्या डिकीत त्यातले प्लवक मेलेले असतात आणि जिवाणूंची मेजवानी आधीच सुरू झालेली असते.

शेवटी पाण्याचाच प्रश्न येतो. संभाजीनगरचं पाणी पैठणच्या नाथसागरातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून येतं, आणि अनेक वस्त्यांत नळाला काही काही दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे हौद, ड्रम, टँकर, बोअर सगळं चालतं. ड्रममध्ये तुरटी फिरवायची सवय घराघरांत आहे, पण तुरटीतलं ॲल्युमिनियम मऊ प्रवाळांना झोंबतं, म्हणून रीफसाठीचं पाणी त्या ड्रममधून नको. स्वयंपाकघरातला आरओही पुरत नाही. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळतात आणि टीडीएस मीटर पन्नास-शंभर दाखवतो. रीफला शून्य हवं, म्हणजे आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लागतं. पावसाळ्यात धरणात गाळ आला की पहिला गाळणी फिल्टर आठवडाभरात तपकिरी होतो, तो वेळेवर बदलावा. आणि आरओचं टाकाऊ पाणी मोरीत सोडण्याइतकं पाणी या शहरात नाही, ते फरशीला, बाथरूमला वापरावं.

पाणी येईल त्या दिवशी आणीबाणी येईलच याची खात्री कोण देणार? म्हणून टाकीच्या वीस टक्के तरी तयार खारं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये, अधूनमधून पंपाने ढवळून, कायम भरलेलं असावं. माझ्या मते शंभर लिटर जास्त मोठी टाकी घेण्यापेक्षा शंभर लिटरचा हा ड्रम जास्त कामाचा.

पाणी निवळल्यावर लगेच जुन्या मापाने डोस सुरू करू नका. चुना खाली बसलेला असेल तर अल्कलिनिटी ७ डीकेएचच्याही खाली गेलेली सापडेल. ती एका दिवसात एक डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये, कॅल्शियम त्यानंतर, आणि मॅग्नेशियम १,२५० च्या वर आहे ना हे त्याही आधी. मे संपेपर्यंत उडालेल्या पाण्याच्या जागी निम्मं साधं आरओ-डीआय पाणी आणि निम्मी निवळी ठेवावी. पाऊस सुरू झाला की अल्कलिनिटी मोजून प्रमाण पुन्हा ठरवावं. पंप आणि हीटर काढून, पाण्यात निम्मं व्हिनेगर घालून त्यात तासभर बुडवून ठेवा, इम्पेलरवरचा खरखरीत थर जुन्या टूथब्रशने घासून काढा, धुवा आणि मगच परत लावा. थर राहिला तर पंप घरघरत चालतो आणि पुढच्या वीजपुरवठ्याच्या खंडानंतर पुन्हा फिरायला नकार देतो.